नेमाण्णांचं विरजण

ओल्या मातीचा वास आला की मला नेमाण्णा आठवतात. यात काव्य वगैरे काही नाही. तो वास मी पहिल्यांदा नीट घेतला तो सांडपाण्याच्या टाकीवर उभी राहून. नाकाला ओढणी लावली होती, ती नेमाण्णांनी काढायला लावली. "मॅडम, वढणी काढा. टाकीला वाईट वाटतंय," असं म्हणाले. नोकरीला लागून मला चारच दिवस झाले होते, आणि टाकीला वाईट वाटतं हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

मी ओढणी काढली. घाण वास येईल म्हणून श्वास रोखून धरला होता, तो किती वेळ धरणार? सोडला, आणि पुन्हा घेतला, तर नांगरलेल्या रानाचा वास आला. चक्क. तपकिरी पाणी खालून हवेच्या बुडबुड्यांनी उकळल्यासारखं हलत होतं, हवा फुंकणारा ब्लोअर एकाच सुरात घुमत होता, आणि दरीतून वर आलेलं धुकं टाकीच्या कठड्यावर हात टेकून आत डोकावत होतं. नेमाण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज जेवलीया टाकी. खुशीत हाय."

गाव कोणतं ते सांगत नाही, सांगितलं तर ते रागावेल. साताऱ्याहून निघून घाट चढलं की जी थंड हवा लागते त्या हवेतलं एक लहान गाव. पाहुणे आले की तिप्पट होतं, पावसाळ्यात दारं लावून झोपतं. त्याची सगळी हॉटेलं, सगळी न्हाणीघरं, सगळे संडास उतारावरून गावाच्या खालच्या टोकाला येतात. तिथं आमचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. केंद्रातून निघालेलं पाणी ओढ्यात आणि ओढा तासाभराच्या वाटेवरच्या वाडीत. मी नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले आणि केंद्र माझ्या गळ्यात पडलं, कारण जुन्या लोकांपैकी कुणालाच ते नको होतं. मला सिमेंट कळत होतं, पाइप कळत होते. टाकी जिवंत असते, घाण खाणारे जंतू तिच्यात पोसलेले असतात, हे मात्र माहीत नव्हतं.

नेमाण्णा ऑपरेटर. कागदावर नेमगोंडा, पण त्या नावानं त्यांना फक्त पगारपत्रक ओळखायचं. सांगलीजवळच्या माधवनगरचे. उंच, वाळलेले, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली आणि वर बाराही महिने तोच बिनबाह्यांचा मरून स्वेटर. तरुणपणी तिकडच्या एका कापड गिरणीत रंगखात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा असंच एक केंद्र चालवायला शिकले आणि शिकता शिकता डोंगरावर येऊन पोचले. "रोज सांजंला रंगाचा हौद ओढ्यात सोडायचो मी," एकदा त्यांनी सांगितलं. "सोमवारी निळा, मंगळवारी तांबडा. पोरं बगाया यायची. मलाबी लय भारी वाटायचं. मासं कुटं गेलं ह्ये कुणीच इचारलं न्हाई." एवढं बोलून ते जाळी साफ करायला गेले. त्या विषयावर त्यांनी पुन्हा कधी तोंड उघडलं नाही, पण डोंगरावर ते कशासाठी राहिलेत हे मला त्या दिवशी कळलं.

धर्मानं जैन. पाणी गाळून पिणारे. तांब्याच्या तोंडाला दुहेरी धोतराचं पांढरं कापड बांधलेलं असायचं. गाळून झालं की ते कापड उलटं करून, थोडं पाणी घालून, अडकलेले जीव पुन्हा पाण्यात सोडायचे. आमच्या कार्यालयातले लोक त्यांची थट्टा करायचे. म्हणायचे, अण्णा, प्यायच्या पाण्यातले किडे तुम्ही गाळता आणि इथं घाणीत कोट्यवधी किडे पाळता, हा कुठला धर्म? नेमाण्णांना राग यायचा नाही. "तितं गाळून वाचवायचं, हितं पोसून वाचवायचं. काम येकच की," म्हणायचे.

सूर्यास्ताच्या आत जेवायचा त्यांचा नेम होता. हा नेम सांगलीच्या लख्ख उन्हात पाळणं सोपं, आमच्या डोंगरावर जुलै महिन्यात दुपारी तीन वाजता पाच पावलांपलीकडचा माणूस दिसत नाही. नेमाण्णा डबा हातात घेऊन शेडच्या दारात उभे राहायचे आणि धुक्याकडे बघत विचारायचे, "मॅडम, सूर्य हाय का ग्येला?" मी मोबाइलमध्ये बघून सांगायची की अजून साडेतीन तास आहे. त्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. "मोबाइलला काय धुकं दिसतंय व्हय," म्हणून ते चारलाच ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन मोकळे व्हायचे. मग सहा वाजता हटकून ऊन पडायचं आणि सगळी दरी पिवळी होऊन जायची. त्या उन्हाकडे ते जरा रुसल्यासारखे बघायचे, भूक लागलेली असायची ना.

टाकीची तब्येत बघायला त्यांच्याकडे लोणच्याची एक काचेची बरणी होती. शासनानं दिलेलं मापाचं भांडं कपाटात शोभेला. बरणी टाकीत बुडवायची, भरून कठड्यावर ठेवायची आणि शेजारी आपणही बसायचं. अर्ध्या तासात गाळ खाली बसून वर स्वच्छ पाणी राहिलं तर टाकी ठीक. तो अर्धा तास नेमाण्णा कुणाशी बोलायचे नाहीत. सुरुवातीला मी चुळबुळायची, फोन बघायची. पुढं पुढं मीही बसू लागले. बरणीत तपकिरी ढग हळूहळू खाली उतरत असतो, बाहेर पांढरे ढग वर चढत असतात, ब्लोअरचा आवाज कानातून निघून पाठीत जाऊन बसतो, आणि आपण जागे आहोत की नाही हे कळेनासं होतं. माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला काळ मी सांडपाण्याच्या काठावर बसून घालवला, हे मी लग्न ठरवताना पाहुण्यांना सांगितलं नाही.

एकदा बरणी बघून म्हणाले, "टाकीचं प्वाट बिगाडलंय. कुणीतरी पुऱ्यांचं त्याल सोडलंय." तेल तर तेल, पण पुऱ्यांचं कसं कळलं? ते चढ चढून गावात गेले, दोन तासांनी एका मोठ्या हॉटेलच्या मालकाला सोबत घेऊन आले. भांडण नाही, नोटीस नाही. मालक रुमाल नाकाला लावून उभा. नेमाण्णांनी बरणी त्याच्या हातात दिली. "ह्या तुमच्या पुऱ्या. आमच्या लेकरांस्नी पचत न्हाईत. तेवढं त्याल डब्यात ठिवा, मी घिऊन जातो." मालक बरणीकडे बघत राहिला. पुढच्या आठवड्यापासून तेलाचा डबा हॉटेलच्या मागच्या दाराला ठेवलेला मिळू लागला. वर एकदा मिठाईचं खोकंही आलं, ते नेमाण्णांनी आम्हाला वाटलं.

पावसाळ्यात पाहुणे नसले की टाकीला खायला कमी पडायचं, तेव्हा ते सांगलीहून गुळाची ढेप आणायचे, पाण्यात विरघळवून रोज थोडं थोडं टाकीत सोडायचे. टाकीत सोडण्याआधी बोटावर घेऊन चाखायचे. गूळ बरा नसेल तर दुकानदाराला फोन करून बोलायचे, आणि तो दुकानदार बिचारा अण्णांच्या घरी एवढा गूळ कोण खातं या विचारात पडायचा.

पण नेमाण्णांचा खरा निरीक्षक वाडीत होता. केंद्राच्या रोजच्या वहीत तपासणीचे छापील रकाने असतात. आमच्या वहीत शेवटी पेननं आखलेला एक जादा रकाना होता, "गाय". त्यात रोज एकच शब्द. "पेली." मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वहीची चेष्टा केलीय म्हणून चिडले. मग त्यांनी सांगितलं. वाडीत हौसाबाई म्हणून एक म्हातारी, तिची गाय ओढ्यावर पाणी प्यायची. केंद्र होण्याआधी ओढा काळा होता आणि गाय तोंड फिरवायची. हौसाबाई पलीकडच्या झऱ्यावरून डोक्यावर हंडे आणून तिला पाजायची. केंद्र सुरू झालं तेव्हा हौसाबाई भांडायला वर आली होती, आणि नेमाण्णांनी तिला शब्द दिला होता की मावशी, तुझी गाय ह्या ओढ्याला पाणी पील. म्हैस कुठंही बसेल, पण गाय वास घेतल्याशिवाय तोंड लावत नाही, म्हणून गायीचाच शब्द. पेली की हौसाबाई मिस कॉल द्यायची. सकाळी आठच्या सुमाराला नेमाण्णांचा फोन एकदा वाजून थांबायचा आणि ते वही उघडायचे.

आता माझी करणी सांगते.

एप्रिल महिना होता. नेमाण्णा भाचीच्या लग्नाला गावी गेले होते. पुण्याहून एक तपासणी समिती यायची होती, आणि मुख्याधिकारी साहेबांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "वास येता कामा नये." मला वाटलं, वास म्हणजे घाण आणि घाण म्हणजे जंतू. मी भांडारातून ब्लीचिंग पावडरची चार पोती उचलली, चिठ्ठीवर सही केली आणि चारही टाकीत रिकामी करवली. वर फिनेलचे डबे. समिती आली, कठड्यावर उभी राहिली. पोहण्याच्या तलावाचा वास येत होता, पाणी दुधाळ दिसत होतं. "व्वा, इतकं स्वच्छ केंद्र आम्ही बघितलं नाही," समितीचे प्रमुख म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी इतकी खूश झाले की त्या संध्याकाळी आईला साताऱ्याला फोन करून सगळं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी नेमाण्णा आले. पिशवीतून लग्नाचे बुंदीचे लाडू काढून माझ्या हातात दिले आणि टाकीकडे वळले. कठड्यापर्यंत पोचायच्या आधीच थांबले. नाकानं एकदा हवा ओढली. मग बरणी बुडवली, ठेवली, शेजारी बसले. अर्धा तास झाला, तास झाला. बरणीतलं पाणी करडंच राहिलं, काही खाली बसलं नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "टाकी ग्येली."

घरातलं कुणी गेलं की सांगतात तसं सांगितलं. हातातला लाडू मला जड झाला. कुणी काय टाकलं हे त्यांनी विचारलं नाही. मी मनात उत्तर जुळवत उभी होते. साहेबांनीच सांगितलं होतं, मला नवीन होतं, वगैरे. त्यांनी विचारलंच नाही, आणि मी सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. वहीत लिहिलं, "पाण्यातले जीव गेले." पुढं नाव नाही.

दुपारी हौसाबाई स्वतः चढ चढून आली. धापा टाकत दारातच बसली. "नेमाण्णा, गाय त्वांड फिरवतीया रं. काय केलंसा तुमी वर?"

"चुकलं मावशी," नेमाण्णा म्हणाले. "मे म्हैना यायच्या आत तुझी गाय पील."

"तू शबूद दिलाय मला."

"व्हय. ठावं हाय."

शब्द त्यांनी दिला होता आणि मोडला होता मी. मे महिना पंधरा-वीस दिवसांवर. हॉटेलं भरली की सगळं गाव त्या मेलेल्या टाकीतून सरळ ओढ्यात जाणार, ओढ्यातून वाडीत. मी विचारलं, आता काय करायचं? नेमाण्णा म्हणाले, "दही बिगाडलं तर काय करत्यात? नवं विरजण आणत्यात."

विरजण माधवनगरजवळ होतं. तिथं एका वसतिगृहाच्या मागं लहानशी टाकी होती आणि ती नेमाण्णांचा गिरणीतला जुना सोबती सांभाळायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पिकअप घेऊन निघालो, मागं दुधाचे रिकामे कॅन. सोबत्यानं गाळ भरून दिला, तपकिरी, दाट, मातीच्या वासाचा. नेमाण्णांनी कॅनची झाकणं काढून ठेवली, तोंडांवर ओली फडकी टाकली आणि स्वतः मागं कॅनांच्या मध्ये उभे राहिले, हातात कडुलिंबाची काठी. बंद कॅनमध्ये हवेवाचून ते जीव घुसमटतात, म्हणून ढवळत राहायचं, या कॅनमधून त्या कॅनमध्ये, थांबायचं नाही. सांगली मागं पडली, उसाची रानं गेली, कऱ्हाड गेलं. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसून आरशात बघत होते. पांढऱ्या केसांचा एक माणूस महामार्गावरून पिकअपमध्ये उभा राहून गोल गोल काठी फिरवत चालला होता आणि काहीतरी गुणगुणत होता. एका नाक्यावर पोलिसानं गाडी अडवली. "काय हाय ह्यात?" नेमाण्णा म्हणाले, "लेकरं हायत साहेब." पोलिसानं फडकं उचलून बघितलं आणि लगेच हात हलवून जायला सांगितलं.

टाकीचा एक कप्पा त्यांनी रिकामा करून धुऊन ठेवला होता. त्यात विरजण ओतलं. शेण कालवून, गुळाचं पाणी, थोडं थोडं सांडपाणी. रोज जरा जास्त. आजाऱ्याला पेज देतात तसं. नेमाण्णा शेडमध्येच राहायला आले. मीही सकाळी उजाडता जायची आणि बरणीशेजारी बसायची. पहिले काही दिवस बरणीत काहीच बसलं नाही. मग तळाशी एक बारीक तपकिरी रेघ आली. रेघेचा पट्टा झाला. वहीत मात्र रोज तेच, "न्हाई पेली." "न्हाई पेली." ते लिहायला लागले की मी दुसरीकडे बघायची.

मे लागायला दोन दिवस होते. सकाळी धुकं नव्हतं, दरीत ऊन उतरलं होतं, आणि मला तो वास आला. नांगरलेल्या रानाचा. आठ वाजले, सव्वाआठ वाजले. कठड्यावर ठेवलेला फोन वाजला. एकच रिंग. नेमाण्णांनी तो उचलला नाही, त्याचा प्रकाश मालवेपर्यंत नुसता बघत राहिले. मग वही उघडली, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि लिहिलं, "पेली." मी तोंड फिरवून रडले. त्यांनी तेही बघितलं नसावं, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतर दर भाद्रपदात एक दिवस यायचा. जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी असते, वर्षभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागायची. नेमाण्णा आधी टाकीपुढं हात जोडायचे, मग धुतलेला शर्ट घालून चढ चढून कार्यालयात माझ्याकडे यायचे. "मॅडम, वर्सात कवा तोडून बोललो आसंन, तर माफी आसावी." मी उठून म्हणायची, अहो अण्णा, तुमची कसली माफी. आणि ते थांबायचे. दाराशी जरा जास्तच थांबायचे. मग जायचे. मी तिथं होते तितकी सगळी वर्षं ते आले, आणि तितकी सगळी वर्षं माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं.

पुढं ते निवृत्त होऊन माधवनगरला गेले. माझी बदली सांगलीकडच्या एका गावात झाली. तिथं नवं केंद्र बांधून तयार होतं आणि टाकी रिकामी होती. विरजण जवळपास कुठंही मिळालं असतं. मी डोंगरावर जाऊन आणलं. वीस कॅन, ओली फडकी. या वेळी पुढं बसले नाही, काठी घेऊन मागं उभी राहिले. ड्रायव्हर सारखा मागं वळून बघत होता, मॅडमना काही झालं तर काय, अशा चेहऱ्यानं.

वाटेत माधवनगरला गाडी थांबवली. नेमाण्णा ओट्यावर बसले होते, तोच मरून स्वेटर. डोळे जवळजवळ गेले होते. गाडी दारात उभी राहिली तशी त्यांनी मान वर केली आणि हवा ओढली. कुणाला काही न विचारता भिंत चाचपत गाडीपाशी आले, फडकं उचलून कॅनमध्ये बोटं बुडवली, बोटं नाकाशी नेली.

"ही तर आपली हाय," ते म्हणाले.

"होय अण्णा. तुमचीच."

"गाय पेली का?"

"आता तिची कालवड पिते. हौसाबाईंची सून मिस कॉल देते."

ते हसले. माझ्या हातातली काठी त्यांनी घेतली आणि ढवळू लागले. मीही दुसरी काठी घेतली. दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि कॅनमधलं पाणी डोंगरावरच्यासारखं हळूहळू फिरत होतं. मी म्हणाले, "अण्णा, त्या वर्षी ती पावडर मी टाकली होती."

"ठावं हाय. भांडारातल्या चिठ्ठीवर तुमचीच सही हुती."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"दरसाल येत हुतो की. म्हनलं, आज सांगंल, आज सांगंल. पोरी, मलाबी ओढ्यातल्या माशांस्नी सांगायचं व्हतं. ते ऱ्हायलंच. तुजं सांगून झालं, लय बरं झालं. ढवळ, ढवळ, बोलताना हात थांबला तुजा."

मी माफी मागितली. नीट, शब्दांनी, हात जोडून. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, त्याला गाळ लागलेला होता.

उशीर झाला म्हणून ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. वळणावर मी मागं बघितलं तर नेमाण्णा रस्त्याच्या मधोमध उभे होते. काठी त्यांच्याच हातात राहिली होती आणि ते ती रिकाम्या हवेत गोल गोल फिरवत होते, सावकाश, न थांबता. माझ्या हातातली एक काठी वीस कॅनांना पुरणार नव्हती. मी ओढणी कमरेला बांधली, बाही वर सारली आणि दुसरा हात कोपरापर्यंत शेजारच्या कॅनमध्ये घातला.